फोटोतला सुभाष

शुक्रवारी दुपारी झहूर होडेकर बायकोला आणि मुलीला घेऊन हॉटेलच्या पुढच्या दाराने आत शिरला. एरवी कामाला तो मागच्या दाराने जायचा.

लॉबीत जुन्या फोटोंची नवी भिंत सजली होती. निम्म्या शहराच्या लग्नाच्या दावती या हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये झालेल्या. आखाती युद्धात हॉल जळाला, ब्याण्णव साली पुन्हा उघडला. त्या दिवशीच्या फोटोत झहूर होता. महिनाअखेर नोकरी संपवून तो कायमचा गावी, हर्णैला निघणार होता. रहिमाने फोटोची बातमी हवल्लीतल्या शेजारणींना आणि गावी बहिणीला आधीच देऊन ठेवली होती.

फोटोत एक मिशीवाला तरुण कॉफीची चोचवाली किटली घेऊन उभा होता. खाली छापलं होतं : सुभाष, वेटर, १९९२.

"कोण ओ हा सुभाष?" रहिमाने विचारलं.

"मीच. माझा बॅज आला नव्हता. जुन्या बॅजांच्या डब्यातला एक लावून दिला. सुभाष कुबल म्हणून होता, मालवणचा. युद्धात गावी गेला तो परत आलाच नाही."

"वा! तोंड तुमचं आणि नाव त्याचं. बहिणीला काय सांगू, नवरा बदलला?"

"अब्बा, जस्ट टेल देम," इक्रा म्हणाली. जाब्रियातल्या क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या इक्राला सगळं सोपं वाटायचं.

रविवारी झहूर हॉटेलच्या ऑफिसातल्या उल्का सबनीसकडे गेला. भिंतीचं काम तिच्याकडे होतं.

"झहूरभाई, माझा विश्वास आहे हो," ती म्हणाली. "पण बॅज स्पष्ट वाचता येतोय, आणि तेव्हाची रजिस्टरं जळाली. साहेब विचारणार, कशावरून?"

फोटोतल्या केसाळ पोराचा झहूरच्या टकलाशी खरंच काही मेळ लागत नव्हता. पुरावा त्याच्याजवळ होता, पण त्याचा विषय त्याने घरीसुद्धा काढला नव्हता.

"किटली बघा कुठल्या हातात आहे," तो शेवटी म्हणाला. "उजव्या. इथे किटली डाव्या हातात धरतात आणि कप उजव्या हाताने देतात. उलटं केलं तर पाहुण्याचा अपमान. सुभाष जुना वेटर, तो असं मेला तरी करणार नाही. मी भांडी घासायचो. माणसं कमी पडली म्हणून कोट चढवून उभा केला."

उल्काने हसू आवरलं. वीस वर्षं हेड वेटर म्हणून प्रत्येक नव्या वेटरला याच एका गोष्टीवरून झहूरने रडवलं होतं, हे तिला माहीत होतं.

"फोटो कापू का थोडा? हात जाईल, बॅजही जाईल. नुसता चेहरा राहील."

झहूरने विचार केला. सगळे वेटर रोज त्या भिंतीसमोरून जात. तो गेल्यावरही जाणार होते.

"नुसता चेहरा कोणाचाही म्हणतील," तो म्हणाला. "राहू दे हात. नाव तेवढं पूर्ण लिहा, पासपोर्टवर आहे तसं. आणि बॅज सुभाष कुबलचा, हेही लिहा."

बाहेर येऊन त्याने रहिमाला फोन केला. आधी नावाचं सांगितलं, मग हाताचं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "तिथे हसतील चार वेटर. हर्णैत कोणाला कळतंय!"