आकारामाचं ‘पडला’

आकाराम गाडीवानाला देवानं घसा दिला तो दोन माणसांचा. घरात तो "मीठ वाढ" म्हणाला की शेजारीण मीठ घेऊन यायची.

गाव ओढ्याकाठी. अलीकडं इंग्रजांचा सातारा जिल्हा, पलीकडं संस्थान, आणि संस्थानात आकारामाची सासुरवाडी. बायको शालूबाई पहिल्या बाळंतपणाला तिकडं गेलेली. मुलगी झाली होती, बारसं तोंडावर आलं होतं, आणि आकारामानं लेकीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं.

महायुद्ध नुकतंच संपलेलं. पूर्वी कधीतरी बोटीत बसून परमुलखातून आलेला प्लेग त्या साली पुन्हा उसळला. जिथं उंदीर मरून पडेल ते गाव बंद, असा दोन्ही सरकारांचा करार. आणि हा गडी सांगलीच्या बाजारातून हळदीची बातमी घेऊन आला तो अलीकडच्या काठावरूनच पलीकडच्या मेहुण्याला ओरडला, "गुंडाऽ, पडला रंऽ, पडला!"

मेहुण्याला कळलं, भाव पडला. ओढ्यावरच्या संस्थानाच्या नाक्यावर डुलक्या घेणाऱ्या शिपायाला कळलं, उंदीर पडला. झालं! दिवस मावळायच्या आत नाक्यावर बांबू आडवा. संस्थानानं अलीकडचा गूळ अडवला, म्हणून अलीकडच्या मामलेदारांनी संस्थानाची हळद अडवली. दोन सरकारं एकमेकांवर रुसून बसली.

"आवं, भाव पडला, भाव!" आकाराम काकुळतीला आला.

"आसंल," शिपाई म्हणाला. "पर उंदीर म्या वर कळवलाय. आता त्यो पडला न्हाई म्हनायला वरनंच हुकूम याया पायजे."

बारशाच्या दिवसापर्यंत हुकूम काही आला नाही. बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्यानं, आणि आत्या, म्हणजे आकारामाची बहीण बनुबाई, अडकली अलीकडं. तिचा आवाज चिमणीएवढा. पलीकडच्या काठावर शालूबाई पोर छातीशी धरून उभी होती. आकारामाला दिसत होतं ते नुसतं दुपटं. त्याला भडभडून आलं.

"दादा, मी तुज्या कानात सांगती, तू पोरीच्या कानात घाल," बनुबाई म्हणाली आणि तिनं त्याच्या कानाशी कुर्र केलं.

आकारामानं छाती भरून घेतली. "कुर्रऽऽ! अंबूऽऽऽ!"

झाडावरचे कावळे उडाले. शिपाई धडपडून उठला. आणि दुपट्यातून असा काही टाहो फुटला की अलीकडच्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

"आवंऽ," पलीकडून शालूबाई हसत ओरडली, "तोंड कशाला बघाया पायजे? तुमचीच हाय!"

आकारामानं पुन्हा छाती भरून घेतली. अलीकडच्या बायकांनी कानांवरचे हात तसेच ठेवले.