मिनिटामागे अडीच सेकंद

लोटन दहा वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. महिन्याभरानं ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. तोवर चौथी झालेली होती, त्यामुळे बोलणं आणि अक्षरं तेवढी शाबूत राहिली. धुळे तालुक्यातलं घर सोडून तो जळगावला आला, एका छापखान्यात खिळे जुळवायला लागला. नव्वदच्या पुढेमागे छापखान्यातले खिळे मोडीत गेले, तेव्हा रमजानभाईंनी त्याला आपल्या व्हिडिओ स्टुडिओत घेतलं. लग्नाच्या कॅसेटींवर कॉम्प्युटरनं नावं टाकायची, ‘शुभविवाह’ लिहून भोवती वेलबुट्टी काढायची, हे त्याचं काम. शुद्धलेखन पक्कं असल्यानं रमजानभाई त्याच्यावर खूश होते.

पंच्याण्णव साली सुकदेव सर एक कॅसेट आणि एक फ्लॉपी घेऊन आले. सर कॉलेजात शिकवत आणि सिनेमावेड्या पाचपन्नास लोकांचं एक मंडळ चालवत. कॅसेटमध्ये हंगेरीचा एक जुना सिनेमा होता. एक गिरणीवाला आणि त्याच्या दोन मुली यांची गोष्ट. पुण्याच्या दोन हौशी मित्रांनी त्याचे संवाद मराठीत आणले होते, आणि कोणतं वाक्य कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, हे फ्लॉपीत लिहून दिलं होतं. ती वाक्यं पडद्यावर खाली उमटवायची होती. घाई होती म्हणून रमजानभाईंनी ते काम स्वतःच उरकलं.

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये खेळ लागला. लोटनही गेला. वाचता येईल असा सिनेमा त्याला पहिल्यांदाच मिळत होता. पहिलं मिनिट बरं गेलं. अर्ध्या तासानं धाकट्या मुलीचं तोंड हलायचं आणि खाली बापाचं वाक्य यायचं. ती रडून बाहेर निघून जायची, मग रिकाम्या अंगणावर तिचं रडणं उमटायचं. लोक चुळबुळत होते, पण सिनेमाच तसा गूढ असेल असं समजून गप्प होते.

“हे तिचं नाही! हे मघाच तो बोलला!” लोटन जागेवरून ओरडला. आपला आवाज किती मोठा लागतो, हे त्याला कळत नसे.

चारदोन माना वळल्या. कुणीतरी तोंडावर बोट ठेवून दाखवलं. खेळ संपल्यावर मात्र सुकदेव सर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले आणि सावकाश, ओठ दिसतील असं बोलले, “तुम्हाला कसं कळलं? ती भाषा तर इथं कुणालाच येत नाही.”

“भाषा कशाला लागते, सर? तोंड कधी उघडतं, कधी मिटतं, तेवढंच मी बघतो.”

रमजानभाईंनी सगळी वाक्यं सरसकट एक मिनिट अलीकडे ओढली. आता सुरुवातीला माणसं बोलण्याआधीच वाक्यं यायला लागली, मधे थोडा वेळ जुळली, आणि शेवटी पुन्हा मागे पडली. “टेपच खराब आहे,” म्हणून त्यांनी हात झटकले.

“खराब असती तर कुठंही बिघडली असती,” लोटन म्हणाला. “ही शिस्तीत मागे पडतेय.”

मग चार दिवस जेवणाच्या सुट्टीत तो टीव्हीसमोर आलेखाची वही घेऊन बसला. तोंड उघडल्याची वेळ एका बाजूला, फ्लॉपीतली वेळ दुसऱ्या बाजूला. दहाव्या मिनिटाला पंचवीस सेकंद. विसाव्याला पन्नास. तासाला अडीच मिनिटं. ठिपके जोडले तर सरळ रेघ आली. सरांनी पुण्याला फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. मित्रांनी वेळा घेतल्या होत्या अमेरिकेहून आलेल्या कॅसेटवरून, आणि आपल्याकडची कॅसेट तिच्यापेक्षा जराशी वेगानं पळते. मिनिटामागे अडीच सेकंद.

आठशे चाळीस वाक्यं होती. लोटननं कॅल्क्युलेटरवर एकेकाची वेळ काढली आणि पुन्हा टाइप केली. पुढच्या खेळात गिरणीवाला जावयाला गाढव म्हणाला आणि हॉलमधल्या लोकांचे खांदे हलले. त्याच वेळी लोटनही हसत होता. इतक्या लोकांबरोबर, नेमका त्याच क्षणी, तो लहानपणानंतर कधी हसला नव्हता.

नंतर दोन वर्षांत मंडळाचे नऊ सिनेमे त्याच्या हातून गेले. मग बहीण प्रमिलाचं लग्न झालं. त्याची कॅसेट स्टुडिओतच आली, आणि लोटननं रमजानभाईंना गळ घातली. “कानाला हेडफोन लावा. ऐकू येईल ते बठ्ठं, अगदी सगळं लिहा.”

“लग्नात कोण काय बोलतं रे? काय लिहू?”

“बठ्ठं.”

रमजानभाई धुळ्याचेच, त्यामुळे बोली समजायला अडचण नव्हती. कुरकुरत त्यांनी अकरा पानं भरली. लोटननं वाचली आणि तो चक्रावला. माणसं घोळक्यात उभी राहून काहीतरी मोलाचं बोलतात आणि आपण त्याला मुकतो, असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं. पानांवर होतं : भाजीमा मीठ कमी शे. चाळीसगावनी गाडी गयी का? मन्ही चप्पल कोठे शे? सातव्या पानावर मात्र तो थांबला. पंगतीत तो वाढत होता, मागून आई कमलबाई येत होती, आणि तिच्या नावापुढे तीन ओळी होत्या : लोटन. लोटन, जेवी ले. ओ लोटन.

त्यानं त्या तिन्ही ओळी तिच्या ओठांवर अचूक बसवल्या.

आखाजीच्या सणाला तो कॅसेट घेऊन गावी गेला. शेजाऱ्यांकडे व्हीसीआर होता. तिथं सगळे जमले. कमलबाईला वाचता येत नव्हतं. तिनं पडद्याकडे बोट केलं. “हाई काय लिखेल शे?”

“तू माले हाका मारी र्‍हायनी,” लोटन म्हणाला. “तीनदाव.”

कमलबाईनं त्याच्याकडे तोंड वळवलं. तिचे ओठ त्याला सगळ्यांत सोपे जात.

“मी त रोजच मारस,” ती म्हणाली. “सवय शे.”

कान गेल्यापासून पंचवीस वर्षं, घरी असेल तेव्हा लोटन तिच्या हाकांना पाठमोराच वावरला होता. पडद्यावर आता चपलेचा शोध चालला होता, आणि वाचता येणारी माणसं हसत होती. कमलबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. पुढचं काय लिहिलंय ते तिला हवं होतं. तो जरा तिच्याकडे सरकला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागला.