पप्पांना वरून केलेला फोन

मी घर सोडलं त्या दिवशी पप्पांनी गाडीचं दार लावलं, पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं. म्हणाले, "नीट लागत नाही." दार चांगलं लागलं होतं. आतल्या खोलीत आल्तारासमोर, म्हणजे येशूच्या देव्हाऱ्यासमोर, सगळ्यांची गुडघे टेकून प्रार्थना म्हणून झाली होती, आईचं रडून झालं होतं, शेजारपाजारचे लोक ओट्यावर उभे राहून कंटाळले होते. फक्त पप्पांचं त्या दाराशी काहीतरी चाललं होतं. शेवटी काचेतून आत वाकून ते मला म्हणाले, "पोरगा देवाला दिला, त्याचं मला दुःख नाही. तुला कोणाला देतोय ते कळत नाही. पोचलीस की कळव."

आमचं गाव होळी, वसईला लागून. परदेशात हे नाव सांगितलं की लोकांना रंग आठवतात. आम्हाला मात्र केळी, भाजीचे वाफे आणि पहाटे खुडायची फुलं आठवतात. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण ती गावाबाहेर कोणाला कळत नाही, म्हणून इथे सगळ्यांची बोलणी साध्या मराठीत लिहिते आहे. आम्ही दोघं भावंडं. विल्सनदादा मोठा. तो धर्मगुरू व्हायला सेमिनरीत गेला तेव्हा दारात बँड वाजला होता, गावजेवण झालं होतं आणि पप्पांनी लग्नातला सूट घातला होता. मी अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला निघाले तेव्हा बँड नव्हता. एका दिवसाची परवानगी काढून दादा तेवढा आला होता. त्याने माझी बॅग डिकीत ठेवली आणि हळूच सांगितलं, "पप्पांचं मनावर घेऊ नकोस. त्यांना दार सोडायचं नाहीये, एवढंच."

तिकडे पहिली काही वर्षं माझी प्रत्येक तुलना वसईशी व्हायची. केळं हातात घेतलं तरी 'हे काय केळं आहे' असं वाटायचं. आई आगाशीच्या ओळखीच्या घरातून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन पाठवायची, ती मी पुरवून पुरवून खायची. रविवारी चर्चला जायची. मग लॅब वाढली, नोकरी लागली, रविवार कपडे धुण्याचा आणि ग्रोसरीचा दिवस झाला. नाताळ आणि ईस्टर राहिले. मग तेही कधी राहिले, कधी नाही. भांडण कोणाशी झालं नव्हतं. घरची बोली बोलायला कोणी नसलं की ती जिभेवरून उतरते, तसंच काहीसं झालं.

अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करायचा तर आधी त्या देशाचं नागरिक व्हावं लागत होतं. मी शपथ घेतली आणि घरी फोन केला. पप्पा म्हणाले, "बरं." एवढंच. नंतर आईने सांगितलं की ते दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. निवड झाली तेव्हा मात्र गावात पेढे वाटले, असंही तिनेच सांगितलं. "त्यांनीच वाटले," ती म्हणाली, "पण तुला सांगू नको म्हणालेत."

ट्रेनिंग म्हणजे वर्षानुवर्षं बॅग भरलेली. कधी पोहण्याच्या तलावात अवजड सूट घालून, कधी बर्फात, कधी सिम्युलेटरमध्ये तीच चूक पुन्हा पुन्हा सुधारत. लग्न राहूनच गेलं. आई फोनवर म्हणायची, "एकाने देवासाठी लग्न केलं नाही, दुसरीने रॉकेटसाठी. नातवंडं मी काय बाजारातून आणू?" मी हसायचे. ती हसायची नाही.

इकडे दादा फादर विल्सन झाला होता. त्याने चर्चमध्ये चालवलेल्या पहिल्या मिस्सेपासून, म्हणजे रविवारच्या उपासनेपासून, पप्पांची तिथली जागा ठरून गेली होती, पहिला बाक, मधल्या वाटेला लागून पहिलीच जागा. लोक त्यांना नावाने हाक मारेनात, 'फादरांचे पप्पा' म्हणत. साधा माणूस होता तो. आयुष्यभर मातीत हात. त्यांना एवढा एकच मान मिळाला होता आणि तो त्यांनी मनापासून भोगला. मी त्यांना दोष देत नाही.

माझ्या उड्डाणाच्या वेळी घरून एकटा दादा आला. पप्पा म्हणाले, "स्वतःच्या मुलीला भेटायला व्हिसा कसला मागायचा?" आणि त्यांच्यामुळे आईही राहिली. उड्डाणाआधी आम्हाला सगळ्यांपासून वेगळं ठेवतात, सर्दीखोकला वर जाऊ नये म्हणून. घरच्यांना एका रस्त्याच्या पलीकडे उभं करतात, तुम्ही अलीकडे. हात लावायचा नाही. बाकीच्यांचे नवरे, बायका, मुलं ओरडून एकमेकांशी बोलत होती. दादा साध्या शर्टपँटमध्ये उभा होता. त्याने ओरडून विचारलं, "जेवलीस?" मी म्हटलं, "हो." 

मी म्हणाले, "दादा, मी बरीच वर्षं मिस्सेला गेलेली नाही."

"माहीत आहे."

"मग आता मागायचं कुठल्या तोंडाने?"

"तोंड असतंच ना," तो म्हणाला. "म्हण माझ्याबरोबर." आणि रस्त्यापलीकडून त्याने मराठीत सुरू केलं, "आमच्या स्वर्गातील बापा..." मी म्हणत गेले. मला वाटलं होतं विसरले असेन. एकही शब्द अडला नाही. शेवटी त्याने हवेत क्रूस काढला आणि मी डोकं खाली घातलं.

वर स्पेस स्टेशनवर पोचल्यावरचं सगळं सांगत बसत नाही. पहिले दिवस उलट्या झाल्या, चेहरा सुजला, चमचा हातातून सुटून तरंगत गेला. खिडकीशी गेलं की पृथ्वी इतकी सुंदर दिसायची की कामं राहायची. कोकणचा किनारा आला की मी वसईची खाडी शोधायची. आमच्या कमांडरने माझं नाक काचेला चिकटलेलं पाहून विचारलं होतं, "तिथे काय आहे?" मी म्हटलं, "केळी."

दर आठवड्याला आईशी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. पप्पा कॅमेऱ्यासमोर येत नसत, पण मागून त्यांचं खोकणं ऐकू यायचं. दादा दर रविवारी ईमेलने त्या दिवसाचं बायबलमधलं वाचन पाठवायचा, खाली स्वतःच्या दोन ओळी. उपदेश नाही. 'आज पाऊस थांबलाय. हे वाचन मला नेहमी अवघड जातं. तुला कसं वाटतं बघ.' झोपायच्या पिशवीत शिरून मी ते वाचायची. जपमाळ हातात धरली तर मणी वर उठून तोंडासमोर तरंगायचे, म्हणून बोटांवरच मोजायची.

मधल्या एका आठवड्यात त्याने वेगळं लिहिलं. सरळ लिहिलं. तो धर्मगुरूपद सोडतो आहे. बिशपांकडे अर्ज माझ्या उड्डाणाच्या आधीच दिला होता, मला त्रास नको म्हणून बोलला नव्हता. विरारला भाड्याची खोली घेतली आहे, शाळेत नोकरी मिळेल. 'मला देव सोडायचा नाही, ग्रेसी,' त्याने लिहिलं होतं. 'मला एकटेपण सोडायचं आहे. मी प्रयत्न केला. दुसऱ्यांच्या घरी आशीर्वाद देऊन परत आलो की कुलूप उघडताना हात जड व्हायचा.'

म्हणजे रस्त्यापलीकडून मला मिळालेला तो आशीर्वाद फादर म्हणून त्याचा जवळजवळ शेवटचा होता.

पुढच्या व्हिडिओत आईचा चेहरा उतरलेला. मागे खोकणंही नव्हतं. ती म्हणाली, "पप्पा चर्चला जायचे बंद झालेत. पहिल्या बाकावर कसं बसू म्हणतात. विल्सन दोनदा दारात येऊन गेला, यांनी आत ये म्हटलं नाही. दोघंही माझेच, मी कोणाला काय सांगू?" आणि तिने पदर डोळ्यांना लावला. मी तिथे, वर. तिच्या डोक्यावरून पुन्हा पुन्हा जात होते आणि खांद्यावर हात ठेवता येत नव्हता. घर सोडल्याचं दुःख मला तोवर अनेकदा झालं होतं, पण असं झालं नव्हतं.

स्टेशनवरून कॉम्प्युटरच्या मदतीने कुठल्याही फोनवर फोन लावता येतो. फक्त पलीकडे भलताच नंबर दिसतो आणि आपला आवाज जरा उशिरा पोचतो. वसईत दुपार असेल, जेवण होऊन पप्पा ओट्यावर बसले असतील, असा हिशेब करून मी त्यांच्या मोबाइलवर लावला.

"हॅलो, पप्पा..."

आवाज पोचेपर्यंत तिकडून, "हॅलो? हॅलो? कोण? बोला की! माझ्याकडे ओटीपी-बिटीपी काही नाही!" आणि फोन बंद.

दुसऱ्यांदा लावला. उचलल्या उचलल्या मी आमच्या बोलीतच ओरडले, "पप्पा, ठेवू नका, मी ग्रेसी!"

थोडा वेळ गेला. मग, "ग्रेसी? कुठून बोलतेस?"

"वरून."

"वरून म्हणजे... तिथून?"

"तिथूनच."

 मग त्यांनी आईला हाक मारल्याचं ऐकू आलं, आणि मग एकदम खालच्या आवाजात, "बरी आहेस ना?"

आमचं दोघांचं बोलणं आयुष्यभर असं झालं होतं की एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. त्या दिवशी तसं चालेना. मध्ये बोललं की दोन्ही आवाज एकमेकांत अडकायचे. मग आम्ही एकमेकांचं पुरतं ऐकायला लागलो. मी म्हटलं, "पप्पा, दादाबद्दल बोलायचंय." ते म्हणाले, "त्याचं नाव काढू नकोस. त्याने देव सोडला."

मी म्हटलं, "पप्पा, देव मी सोडला होता. तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मी कित्येक वर्षं चर्चला गेले नाही. दादाला माहीत होतं, तो मला कधी टोचून बोलला नाही. मी वर यायच्या आधी घाबरले होते, तेव्हा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून त्याने माझ्याकडून प्रार्थना म्हणवून घेतली. आणि दर रविवारी तो मला वाचन पाठवतो. मी इथे जे काही थोडंफार म्हणते, ते त्याच्यामुळे."

पलीकडे शांतता. ती आवाज पोचायच्या उशिराची आहे की त्यांची, मला कळेना. मी वाट पाहिली.

"पाठवतो? अजून?"

"अजून. गेल्या रविवारीसुद्धा पाठवलं."

 मग त्यांनी विचारलं, "तिकडे विरारला जेवतो का नीट?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सॅटेलाइट बदलताना लाइन तुटली. पुन्हा लावायला त्या दिवशी जमलं नाही, काम आलं. मी पॅनेल उघडून त्यामागचा पंखा साफ करत होते आणि डोळे सारखे भरत होते. वर अश्रू खाली पडत नाहीत, डोळ्यावरच साचून राहतात. टॉवेलने टिपावे लागतात.

पुढचं मला आईने सांगितलं. रविवारी सकाळी पप्पांनी स्वच्छ शर्ट घातला, केळीची एक फणी पिशवीत घातली आणि चर्चच्या दिशेला न जाता बस पकडली. विरारला पत्ता विचारत विचारत दादाच्या बिल्डिंगमध्ये पोचले. लिफ्ट बंद होती. जिने चढून धापा टाकत दारात उभे राहिले. दादाने दार उघडलं, तर पहिलं वाक्य काय, "एवढ्या वर कशाला घर घेतलंस?" मग आत बसले. दादाने केलेलं जेवले. मीठ कमी आहे म्हणाले. निघताना त्यांनी त्याच्या कपाळावर क्रूस काढला, आम्ही लहान असताना झोपताना काढायचे तसा, आणि म्हणाले, "घरी ये. आई वाट बघते." स्वतः वाट बघतात, हे म्हणणं त्यांना जमलं नाही. दादाला ते कळलं.

याबद्दल मी कोणाकोणाचे आभार मानू? दादाचे, की त्याने मान जाईल हे माहीत असूनही खोटं जगायचं नाकारलं. आईचे. त्या खराब लाइनचेही. आणि देवाचे, ज्याच्याकडे मी फारशी फिरकत नव्हते आणि ज्याने ते मनावर घेतलं नाही.

आम्ही समुद्रात उतरलो. मला उचलून बाहेर काढलं, कारण पायांना वजन पेलवेना. मला चालायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टने एकदा विचारलं, "घरी कधी जाणार?" माझं ह्यूस्टनचं अपार्टमेंट तिथून गाडीने जवळच होतं. मी तिला म्हटलं, "नीट चालता आलं की." ती समजली असावी, कारण पुढे तिने मला मऊ मातीवरून चालवायला सुरुवात केली.

आता दादा होळीलाच असतो. शाळेत शिकवतो, सकाळ-संध्याकाळ वाडीत राबतो. धर्मगुरूच्या व्रतांतून रोमहून मोकळीक मिळायला वेळ लागला, ती आल्यावर त्याच्याच शाळेतल्या एका शिक्षिकेशी त्याचं लग्न झालं. बँड नव्हता. पप्पा पुन्हा चर्चला जातात, पण पहिल्या बाकावर नाही. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतात. कोणी पुढे या म्हटलं तर म्हणतात, "इथे वारा येतो."

मी दर वर्षी जाते. जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांना ठाऊक असेल की परत गेलं की आपण पाहुणे होतो. आपल्यासाठी नवी चादर काढतात, चांगला कप काढतात. मला त्याची भीती होती. मागच्या खेपेला मी वाडीत होते, अंगावर आईचा जुना गाऊन, पाय चिखलात, हातात फावडं. बावखलातलं, म्हणजे आमच्या वाडीतल्या तळ्यातलं, पाणी दादा पंपाने सोडत होता आणि मी पाटाला वाट करून देत होते. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. पुष्पगुच्छ घेतलेले दोन पुढारी, सोबत फोटोग्राफर. एक जण मोठ्याने म्हणाला, "अंतराळवीर मॅडम आहेत का? सत्कार करायचाय."

पप्पा ओट्यावरून उठलेही नाहीत. म्हणाले, "आहे. पण आता पाणी लावतेय. बसा, वाफा भरला की येईल."

केळींच्या मागे मी ते ऐकलं. पंपाजवळून दादा ओरडला, "भरला का गं?"

मी पाटात फावडं घातलं आणि ओरडले, "अजून नाही!"