ज्ञानूचा तिरका घाव

दत्तोपंत हुपरीकरांच्या कानांबद्दल मंगळवार पेठेत जेवढ्या गोष्टी चालत, त्यातल्या निम्म्या खऱ्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या खुद्द पंतांनी पसरवलेल्या होत्या. शेजारच्या घरात फोडणी पडली की मोहरी जुनी की नवी हे ते आपल्या पाटावरून सांगत. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं घड्याळ बंद पडणार हे त्यांनी तीन दिवस आधीच जाहीर केलं होतं. "त्याचा टक ठीक आहे, पण टिक दमलाय," असं त्यांचं निदान. पंतांच्या पत्नी कालिंदीबाई यावर एवढंच म्हणत, "घड्याळ दमलेलं ऐकू येतं यांना. दळण आणायचंय हे मी सकाळपासून चारदा सांगितलं, ते मात्र अजून वाटेत आहे."

पंत एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करत. सिनेमावाले एकेक करून मुंबईला गेले होते. चौऱ्याहत्तर सालच्या सुमाराला त्या स्टुडिओत उरलं होतं ते स्पूलचं एक यंत्र, दोन माईक, चार बटणांचा मिक्सर आणि पंत. चारपैकी दोन बटणं फिरत छान, पण त्यांच्या फिरण्यानं काही होत नसे. त्यामुळे पंत मिक्सिंग खडूनं करत. कुणाचा आवाज किती हवा हे ठरलं की फरशीवर एक फुली मारायची आणि त्या माणसाला त्या फुलीवर उभं करायचं. आवाज जास्त झाला तर माणूस मागे, कमी झाला तर पुढे. एका भजनी मंडळाचे टाळकरी असे मागे सरकत सरकत थेट अंगणातल्या पेरूखाली पोचले होते. रेकॉर्डिंग संपून मंडळी चहा प्यायली तरी ते तिथं टाळ वाजवतच होते.

पंतांचा सिद्धांत एकच. गाणं खर्जावर उभं राहतं. खालचा, जाड, पोटातून येणारा आवाज आधी पक्का करा, बाकी सगळं त्याच्यावर आपोआप बसतं. त्या दिवसांत गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा निघाले होते आणि दर ऑर्केस्ट्रात एक गिटार होती. "गिटार वाईट नाही हो," पंत म्हणत, "पण ती लग्नातली करवली आहे. नटू दे, मिरवू दे. पण आधी नवरी उभी करा की!"

पंतांना नवरी सापडली ती गडमुडशिंगीच्या जत्रेत. देवळाच्या भिंतीपलीकडे ते चहा पीत बसले होते, तेवढ्यात हातातली कपबशी किणकिणायला लागली. पंतांनी चहा तसाच ठेवला आणि भिंतीला वळसा घालून पाहिलं. एक किडकिडीत धनगर स्वतःपेक्षा जाड ढोल गळ्यात अडकवून वाजवत होता. तो ज्ञानू पुजारी. शेजारी त्याचा चुलतभाऊ आण्णा कानावर हात ठेवून ओवी म्हणत होता. आण्णाचा गळा मोकळ्या माळावर मैलभर जाईल असा. पण पंतांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पावणं, आमच्या स्टुडिओत याल का?" त्यांनी ढोलाला विचारलं.

पहिल्याच दिवशी मीटरचा काटा जो उजवीकडे आडवा झाला, तो उठायचं नाव घेईना. पंतांनी ज्ञानूला मागे सरकवलं. दहा पावलं, पंधरा पावलं, मग दाराबाहेर, मग फाटकापाशी.

"पंत, आनि मागं गेलो तर मुडशिंगीतच पोचतो की!" ज्ञानू तिथून ओरडला. "मग घरातनंच वाजवतो. तुमी हितनं घ्या."

तोडगा शेवटी ज्ञानूनंच काढला. दुसऱ्या खेपेला तो सहा घोंगडी घेऊन आला आणि भिंतींवर टांगली. "मेंढरं काय बी खात्यात पंत. त्यांची लोकर आवाज खायाची न्हाई व्हय?" लोकरीनं आवाज खाल्ला. घुमणं गेलं, नुसता ठोका उरला. पंतांनी ढोलाची फुली माईकच्या तोंडापुढं मारली आणि आण्णाची चार हात मागं.

आण्णाला हे झोंबलं. "गानं मी म्हनायचं, आनि म्होरली फुली ह्येला?"

"आण्णा, तुझा आवाज म्हणजे धार. ढोल म्हणजे पातं. पातं नसेल तर धार लावणार कशाला?"

"मग पात्यालाच म्हनाया सांगा की ओवी!"

ज्ञानू हसला, हसता हसता ठसकला, आणि "तंबाकू थुकून येतो" म्हणून बाहेर गेला. तो दर दहा मिनिटांनी तंबाखू थुकायला बाहेर जाई. एवढी तंबाखू खाणारा माणूस आणि ओठ पांढरे कसे, हा प्रश्न पंतांच्या डोळ्यांना पडला असता तर बरं झालं असतं. पण पंतांनी डोळ्यांना कधी फारसं काम दिलं नव्हतं.

मुंबईच्या एका कंपनीनं लोकगीतांची छोटी तबकडी काढायचं कबूल केलं होतं. दोन ओव्या, आणि वर दोघांचीही नावं छापायची. आण्णानं साऱ्या गावात सांगून ठेवलं होतं, नवा फेटाही आणला होता. माघातल्या एका दुपारी रेकॉर्डिंग झालं, आणि त्या दुपारी पंतांना ज्ञानूचा तिरका घाव सापडला.

ओवीच्या दोन कडव्यांमध्ये आण्णा थांबे आणि ढोल एकटा चाले. तिथं ज्ञानू मधूनच, मात्रा सोडून, एक दणका मारी. आधी नाही, नंतर नाही, मधेच कुठंतरी. तो पडला की अंगावर काटा येई. पंत खुर्चीवरून उठले.

"ज्ञानू! तो घाव! तसाच पुढच्या कडव्यातही मार."

"त्यो मागून येत न्हाई पंत," ज्ञानू घाम पुसत म्हणाला. "आला की मारतो."

पंतांनी हे थोर कलावंताचे बोल म्हणून वहीत टिपून ठेवले. कंपनीला टेप पाठवताना त्या घावावर पानभर लिहिलं. गंगावेशीत, खासबागेत, भेटेल त्याला ते मांडीवर थापा मारून तो घाव समजावून सांगू लागले. ऐकून ऐकून पंचक्रोशीतल्या दोन-तीन ढोलकऱ्यांनी तो उचललाही, पण कुणालाच तो जमेना. "त्याला आतून यावं लागतं," पंत म्हणत.

कंपनीचं उत्तर चैत्रात आलं, सोबत टेपही परत आली. ढोलाच्या दणक्याला तबकडीवरची सुई रेघ सोडून उडते, सबब खर्ज निम्म्यानं कमी करावा आणि रिकाम्या जागा गिटारनं भराव्यात. महिन्याभरात नवी टेप न आल्यास करार रद्द समजावा.

"सुई नाचते म्हणजे काय, नाचणारच!" पंत म्हणाले. पण मनातून ते डगमगले नाहीत. ज्ञानूला पुन्हा बोलवायचं, फुली थोडी मागे न्यायची, हात थोडा हलका ठेवायला सांगायचं, गिटारीशिवाय भागेल. त्यांनी मुडशिंगीला निरोप धाडला.

आण्णा एकटाच आला. सायकल भिंतीला लावली आणि पायरीवर बसला. डोईला फेटा नव्हता.

"ज्ञानू कुठाय?"

"ग्येला की पंत. परवाच्या मंगळवारी."

"कुठं गेला?" पंतांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं.

"छाती पोखरली हुती त्येची. दोन वर्सं झाली. डाक्टरनं ढोल बंद कर म्हनून सांगितलतं."

"दोन वर्षं? अरे, मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी त्येला ढोलाला हात लावू दिला असतासा व्हय?"

पंत पायरीवर आण्णाशेजारी बसले.

आता ज्ञानू उरला होता तो त्या एका टेपवर. ती तबकडीवर आली तर त्याचं नाव छापलं जाणार होतं, नाही आली तर त्याला कुणी ओळखणार नव्हतं. पंतांनी तत्त्व बाजूला ठेवलं. दुपारची वेळ साधून टेप लावली आणि खर्ज कापायचं बटण हळूहळू फिरवायला घेतलं. ढोल बारीक होत गेला. आधी पोट गेलं, मग छाती, मग डब्यावर बोटं वाजवावीत तसं काहीतरी उरलं. पहिलं कडवं संपलं, आण्णा थांबला, आणि त्या मोकळ्या जागेत टेपमधून कुणीतरी खोकलं.

पंतांना वाटलं, बाहेर कुणी आलं. कुणी नव्हतं. त्यांनी टेप मागे घेतली. पुन्हा खोकला. दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा, तिसऱ्यानंतर दोनदा, शेवटचा तर खोल, ओला, कापड फाटल्यासारखा. त्यांनी बटण उलटं फिरवून खर्ज परत आणला. खोकला नाहीसा झाला. त्या जागी तिरका घाव होता.

प्रत्येक घावाखाली एक खोकला होता. उबळ आली की ज्ञानू दणका मारत होता. मात्रा सुटायची कारण उबळ मात्रा बघून येत नाही. ज्या ठिकाणी माणूस रक्त गिळत होता, त्या ठिकाणी पंत खुर्चीवरून उठून वाहवा म्हणाले होते, आणि "पुढच्या कडव्यातही मार" असं वर सांगितलं होतं.

त्या दिवशी ते घरी आले तेव्हा कालिंदीबाईंनी ताट वाढलंय म्हणून एकदाच सांगितलं आणि पंत लगेच येऊन बसले. कालिंदीबाई घाबरल्या.

आण्णाला त्यांनी टेप ऐकवली. आण्णा मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "तितं ती गिटार घाला की. कंपनी बी खूश, आनि खोकला बी झाकल."

जन्मभर जिला करवली म्हटलं तिला आणायला पंत स्वतः राजारामपुरीत गेले. एका ऑर्केस्ट्रातला बाळासो नावाचा गिटारवाला आला, भल्यामोठ्या बेलबॉटममध्ये, आणि जुनी टेप वाजवत नवी भरता यावी म्हणून स्पूलचं दुसरं यंत्र उसनं घेऊन. बिचारा गुणी होता. जिथं जिथं पंतांनी बोट दाखवलं तिथं त्यानं गोड सुरावट टाकली, आणि एकही खोकला ऐकू येईना. आण्णाचा आवाज तर असा वर आला की आण्णालाच भरून आलं. मिक्सिंग म्हणाल तर पंतांच्या आयुष्यातलं सगळ्यांत स्वच्छ. सुई उडायचा प्रश्नच नव्हता.

पाठवायच्या आदल्या दिवशी आण्णा ज्ञानूच्या बायकोला, धोंडुबाईला, घेऊन आला. ती खुर्चीवर बसेना. घोंगडी अजून भिंतीवर होती, त्यांच्याखाली फरशीवर बसली. पंतांनी टेप लावली. दोन्ही ओव्या ती पदर तोंडाशी धरून, मान न हलवता ऐकत होती. टेप संपून स्पूल मोकळं फिरायला लागलं.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "आनि त्येंचं कवा लागायचं?"

आण्णानं तोंड फिरवलं. पंतांनी पहिली टेप काढली, खर्ज पूर्ण मोकळा सोडला आणि लावली. पहिल्या ठोक्याला तिनं फरशीवर हात टेकवला आणि शेवटपर्यंत उचलला नाही. तिरके घाव आले तशी ती प्रत्येक वेळी डोळे मिटून घेत होती. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"बाई, मला ऐकू नाही आलं हो," पंत म्हणाले. "माझ्या कानांसमोर बसून खोकत होता, आणि मला ऐकू नाही आलं."

"त्यो खोकला तुमास्नी ऐकू ईल ह्या भ्यानं तर एवढ्या जोरात मारायचं," धोंडुबाई म्हणाली. "घरात न्हाई मारायचं."

ती गेल्यावर आण्णा मागे थांबला. "पंत, ती गिटारीची पाठवा. तिला काय कळतंय? त्येचं बी नाव छापत्याल." घुटमळला. "आनि माजं बी."

"त्याचं नाव छापतील, पण कशाखाली छापतील आण्णा? तिनं विचारलं ते ऐकलंस ना तू?"

"ऐकलं की. म्या बी हुतो हितं."

पंतांनी टेप पाठवली नाही. कंपनीला दोन ओळी लिहिल्या की ढोल कमी होत नाही, क्षमस्व. करार रद्द झाला. पुढं आण्णासाठी म्हणून त्यांनी कंपनीला आणखी दोन पत्रं लिहिली, दुसरा ढोलकरी घेऊन करतो म्हणून. उत्तर आलं नाही. त्यानंतर पंत रेकॉर्डिंगला आलेल्या प्रत्येकाला आधी माईकसमोर खोकायला लावू लागले, आवाजाची पातळी बघायची आहे असं सांगून. दोघातिघांना त्यांनी हाताला धरून डॉक्टरकडं नेलं. गाणाऱ्यांनी हे मनाला लावून घेतलं. पंतांच्या स्टुडिओत जायचं म्हणजे आधी तपासून घ्यावं लागतं, असं म्हणत ते दुसरीकडं जाऊ लागले. स्टुडिओ विकला गेला तेव्हा पंतांनी ते एक स्पूल तेवढं घरी आणलं. लावायला यंत्र नव्हतं.

ब्याऐंशी साली कागलच्या एसटी स्टँडवर आण्णा भेटला. केस पांढरे झालेले, गळ्यात मफलर. पंतांनी विचारलं, "गातोस का रे हल्ली?"

"न्हाई. आता कोन ऐकतंय?" आण्णा म्हणाला. एसटी आली होती. त्यानं पायरीवर पाय ठेवला आणि वळून, रागानं नव्हे, अगदी हळू, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "पंत, मेलेल्याचा ढोल राखलासा, बरं क्येलं. पर मी जित्ता हुतो की."

पंतांना ते नीट ऐकू आलं.