दोन ताटल्या आणि आर्थरांचं जहाज

"आल्झो, दार उघडत नाहीये," हॅम्बर्गच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशन."

आल्झो म्हणजे जर्मनमधलं 'तर मग'; दार म्हणजे माझ्या हृदयातली झडप. आजाराचं नाव एऑर्टिक स्टेनोसिस: शरीराला रक्त सोडणारी झडप आखडते आणि जिना चढताना धाप लागते. मी वर्षभर त्याचा दोष पोटाच्या घेराला देत होतो. तुम्ही देऊ नका, तपासून घ्या.

शेजारच्या खाटेवर आर्थर होते. इंग्रज, शंभरीला दोन कमी, इथली बायको करून इथलेच झालेले. पेसमेकरची बॅटरी बदलायला आले होते; वय पाहून दहा-बारा दिवस ठेवून घेतलं होतं. झडपा ठणठणीत. माझं जळणं तिथूनच सुरू झालं.

दुसऱ्या महायुद्धात ते एस्कॉर्ट कॅरिअरवर होते. म्हणजे मालवाहू जहाजांच्या तांड्याला सोबत करणारं छोटं विमानवाहू जहाज. माझी पंधरा वर्षांची लेक ईरा घरी माझ्या चार मराठी वाक्यांना एक जर्मन "या", म्हणजे "हो", देते, पण इथे माझ्या खाटेला वळसा घालून थेट त्यांच्याकडे. बर्फाने निसरडा डेक, पाणबुड्या हुडकून परतणारी विमानं, खाली हेलकावणारं जहाज. डेकच्या कडेला एकजण टेबल टेनिससारख्या दोन गोल बॅट घेऊन वैमानिकाला खुणा करायचा. हात वर: अजून वर ये. हात आडवे, सरळ: बरोबर आहेस, तसाच ये.

"मीही कॉलेजात एन.सी.सी.च्या नेव्हीत होतो," मी म्हणालो.

"बाबा, तो तलाव होता," ईरा जर्मनमध्ये म्हणाली.

तपासणीसाठी मला उपाशी ठेवलं होतं, नेमकं त्याच दिवशी माझ्या बायकोने, सुनीताने, खिचडी आणली. "अहो, वाया कशाला घालवायची?" म्हणत तिने डबा आर्थरांपुढे ठेवला. लोणच्यासकट.

दुपारी सर्जन संमतीचा कागद घेऊन आले. "छाती उघडू. हृदय थोडा वेळ थांबवू, तेवढं काम मशीन करेल." मी म्हटलं, उद्या सही करतो. आणि कागद उशीखाली सरकवला.

ईराने ते पाहिलं. तिने आर्थरांना विचारलं, "विमान परत यायला उशीर झाला, तर तो बॅटवाला काय करायचा?"

"जागा सोडायचा नाही," ते म्हणाले.

ती उठली आणि माझ्या खाटेवर येऊन बसली. मी पेन मागितलं.

ऑपरेशननंतर चार दिवसांनी अतिदक्षता विभागातून माझी खाट ढकलत वॉर्डात आणली. दारात ईरा उभी. दोन्ही हातांत नाश्त्याच्या ताटल्या, हात आडवे.

"ये बाबा," ती म्हणाली. चक्क मराठीत. "बरोबर आहेस. तसाच ये."

सुनीता डोळे पुसत होती. मला नीट दिसत नव्हतं, ते भुलीमुळे असावं.

"डावा हात खाली गेलाय!" आतून आर्थर ओरडले.

ईराने लगेच वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि हात सारखा केला. तेवढ्यातही मी जळलो. धाप मात्र लागली नाही.