डायनिंग टेबलाभोवतीचं अथेन्स

गुडघा बदलून घरी आलो, तेव्हा माझ्या कण्हण्याला कंटाळून पंचवटीतली कबुतरं त्र्यंबकेश्वरला राहायला गेली. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा. पुढे जखम भरली, डॉक्टरांनी वॉकर सोडायला सांगितलं, पण माझे हात काही त्याच्यावरून सुटेनात. सोडला की मी कोसळणार, ही माझी खात्री. त्यात श्रावण जवळ आला. श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी आम्ही दोघांनी लग्नापासून एकत्रच घातलेली.

"यंदाही एकटी जाणार नाही," बायको म्हणाली. "आणि तुम्हाला खांद्यावर घेऊनही जाणार नाही."

मी तेव्हा मुक्कामाला प्राचीन रोममध्ये होतो. मोबाइलवर एक साइट सापडली होती. पडलेलं अख्खं शहर तिथे पुन्हा उभं केलेलं. बोट सरकवलं की आपण चालायला लागतो. दुसरीकडे फुकट व्याख्यानं, तिसरीकडे जुन्या रस्त्यांचे नकाशे. मी इतका मुरलो, की भाजीवाल्याकडे लॅटिनमध्ये कोथिंबीर मागितली आणि त्याने वर मिरच्याही घातल्या.

"बोटाने चालून गुडघा सुधारत नसतो."

"बोटाला वॉकर लागत नाही, बघ!"

"मग बोटालाच नेते फेरीला."

एका दुपारी रोमहून अथेन्सला निघालो. टेकडीवर निळ्या-तांबड्या रंगांचं कोरं देऊळ, आत सोन्याची उंच देवी. बायको कणीक मळता मळता मागे येऊन उभी राहिली. देवीचं घुबड दिसताच म्हणाली, "अहो, ही तर लक्ष्मी!"

"नाही गं. ही विद्येची आणि युद्धाची."

"म्हणजे घरातलीच. आणि देवळात आलात ते खुर्चीत बसून? उठा, प्रदक्षिणा घाला."

तिने मोबाइल टेबलाच्या मधोमध तांब्याला टेकवला. मी चपला काढल्या, वॉकर धरून निघालो. खिडकीतलं ऊन आणि तिथलं ऊन कुठे मिसळलं कळलं नाही. खुर्च्यांचे खांब झाले, फरशी संगमरवरी झाली, फ्रिजची घरघर दूरच्या समुद्रासारखी येऊ लागली. पंख्याच्या वाऱ्याला मिठाचा वास होता, शपथ! देवी एवढी उंच वाढली की वरच्या मजल्यावरच्यांनी नमस्कार केला असणार. तिच्यासमोर आलो आणि हात आपोआप जुळले. जुळलेले हात घेऊन तसाच पुढे चालत राहिलो, एका खांबाकडून दुसऱ्याकडे, तरंगल्यासारखा.

वळलो तर वॉकर पार फ्रिजपाशी एकटा उभा. मी थबकलो.

"थांबू नका, प्रदक्षिणा अर्धी सोडू नये," बायको मागून म्हणाली. ती कणकेचे हात पसरून माझ्या पावलावर पाऊल टाकत येत होती, मला न शिवता.

"पडलो असतो तर?"

"चिकटला असतात."

श्रावणात ब्रह्मगिरीच्या वाटेवर एका तरुणाने विचारलं, "काका, भारी चालताय. सराव कुठे केला?"

"अथेन्सला."

तो हसला आणि बायकोकडे वळला.

"हो," ती म्हणाली, "मीच नेलं होतं."