शेजारच्या आजोबांची सही

गेल्या संकष्टीपासून मी जरा गोंधळातच आहे. म्हटलं, तुम्हाला सांगून बघावं... कुणाला तरी उलगडेल.

आम्ही सिंगापुरात, चोआ चू कांगला राहतो. शेजारच्या मेईचे सासरे इंग्लंडहून महिनाभर आले होते. वाकलेले, हसरे, आणि शर्टाची कॉलर उलटून शिवलेली... ती मला लगेच कळली, ह्यांच्या शर्टांना मीही तेच करते.

मेई सहज बोलून गेली, हे तिकडे पुष्कळ वर्षं खासदार होते. डाव्या विचारांचे. खासदार, आणि पिशवी घेऊन एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, भाजीला जातात?

साताऱ्याला दादाला फोनवर सांगितलं, तर तो उसळलाच. "अगं, शेजारी खासदार आणि तू स्वस्थ बसलीस? आधी सायलीसाठी चिठ्ठी घे!"

सायली माझी लेक. तिला इंग्लंडात नर्सिंगला प्रवेश मिळालाय, पण स्कॉलरशिप मिळाली तरच पाठवणं जमेल. त्या अर्जाला शाळेबाहेरच्या एका माणसाचं शिफारसपत्र लागतं. आणि खासदाराच्या लेटरहेडचं वजन आपल्याकडे काय असतं, ते मी वेगळं सांगायला नको...

संकष्टीला मोदकांचं ताट, शाल, नारळ घेऊन गेले. आजोबा गडबडले. नारळ हातात धरून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मोदक मात्र चार खाल्ले. मग माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत मी विषय काढला.

"तुमच्या मुलीला मी ओळखत नाही," ते म्हणाले. "मग ओळखतो असं कसं लिहू?"

आपल्याकडचे खासदार ज्याला चिठ्ठी देतात, त्याला ओळखतात थोडेच! शाल अशीच गेली, असंही मनात येऊन गेलं... देवा, क्षमा कर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात आजोबा, हातात माझं ताट, ताटात संत्री. रिकामं ताट परत करू नये, हे मेईनेच सांगितलं असणार. म्हणाले, "आता ओळख करून द्या."

चपला बाहेर काढल्या. देवघराकडे बघून म्हणाले, "मी देव मानत नाही. पण मानणाऱ्यांच्या घरी जन्मभर चहा प्यायलोय." मी चहाचं आधण ठेवलं.

मग ते रोजच येऊ लागले. सायलीला काय काय विचारायचे... नर्सच का व्हायचंय, आजारी माणसाची भीती वाटते का. एकदा ती तिच्या आजीच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलली. मी गॅसपाशी उभी राहून ऐकलं. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

तीही त्यांना विचारायची. आजोबा म्हणजे बस ड्रायव्हरचा मुलगा. मंत्रिपद कधी मिळालं नाही, कारण पटलं नाही की आपल्याच पक्षाच्या विरुद्ध मत द्यायचे. पक्षाने काढलं, लोकांनी पुन्हा निवडून दिलं. शेवटी हरले. आता भाड्याच्या घरात राहतात.

मला राहवेना. रोजचा जमाखर्च लिहिणारी बाई मी... विचारलं, "मग एवढ्या वर्षांत मिळवलं काय?"

"आई! कॅनॉट आस्क लाइक दॅट, लाह!" सायली तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

आजोबा खो खो हसले. "माझी बायकोही हेच विचारायची."

परत जायच्या दिवशी त्यांनी पत्र दिलं. साधा कागद, हाताने लिहिलेलं पानभर. सगळं सायलीबद्दल. खासदार हा शब्द कुठेच नाही! खाली सही, आणि सहीखाली फक्त 'शेजारी'.

मी म्हटलं, "आजोबा, तुमचं पद लिहायचं राहिलं."

"राहिलं नाही. खासदार होतो तेव्हा मी हिला ओळखत नव्हतो."

अर्ज गेलाय, निकाल अजून यायचाय. दादा म्हणतो, शाल पाण्यात गेली. सायली म्हणते, माझ्याबद्दल इतकं खरं कुणी लिहिलंच नव्हतं. मला दोघांचंही पटतं, तिथेच सगळा घोळ आहे...

बाप्पापुढे स्कॉलरशिप तर रोजच मागते. काल पहिल्यांदा त्या आजोबांसाठीही हात जोडले. देव न मानणाऱ्याला ते चालेल की नाही, तेवढं मात्र अजून कळलं नाही.